मधोमध एक भोक

ॲश्लीने पडद्यावर बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही.

"इथे भोक होतं," ती म्हणाली. "कुठे गेलं?"

नितेशने खुर्ची जवळ ओढली. पडद्यावर तळपाखाडीचा नकाशा होता. अंधेरीच्या पूर्वेला मेट्रोचे खांब आणि काचेच्या इमारती यांच्यामध्ये दबून राहिलेली ही मुंबईच्या मूळ मराठी ख्रिस्ती लोकांची, ईस्ट इंडियनांची जुनी वस्ती नकाशात मात्र ऐसपैस, एकसंध हिरवी दिसत होती. ॲश्लीच्या बोटाखाली तिचं स्वतःचं घर होतं. तेही हिरवं, म्हणजे गावठाणात.

"बुजलं ते," नितेश म्हणाला. "म्हणजे सॉफ्टवेअरनेच बुजवलं. कुठलाही नकाशा संग्रहात घेताना आम्ही तो साफ करून घेतो. रेघा जुळल्या नाहीत तिथल्या फटी, मध्ये राहून गेलेले तुकडे. एवढंसं भोक असलं की काढणाऱ्याचा हात हलला असं धरतो."

"पपांचा हात हलत नव्हता."

"शेवटी शेवटी, ॲश्ली..."

"शेवटी शेवटीसुद्धा दाढी स्वतः करायचे. वस्तऱ्याने."

ॲश्लीच्या वडिलांच्या, अर्बन सरांच्या हाताखालीच नितेश नकाशे करायला शिकला होता. नकाशांचा संग्रह करणाऱ्या संस्थेच्या या खोलीत अजून त्यांची खुर्ची होती, आणि तिच्यावर कोणी बसत नव्हतं. ते ॲश्लीने आल्या आल्या पाहिलं होतं, आणि त्याचा तिला का कोण जाणे रागच आला होता.

संग्रहाची कल्पना मुळात अर्बन यांची. लोक एकमेकांना नकाशे देतात, ते म्हणत, पण नकाशावर लिहिलेल्या शब्दाने आपल्याला काय म्हणायचं होतं ते देत नाहीत. 'गावठाण' हाच शब्द घ्या. एकाच्या लेखी सर्वेक्षण खात्याने आखलेल्या जुन्या रेघेच्या आत जे येतं ते गावठाण. नितेशच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या श्रुतिकाच्या लेखी उपग्रहाच्या चित्रात जिथे ठेंगणी, एकमेकांना चिकटलेली छपरं दिसतात ते गावठाण. दोघांचे नकाशे एकावर एक ठेवले की कोणीतरी तिसराच त्यातून भलता निष्कर्ष काढून मोकळा होतो. म्हणून प्रत्येक संशोधकाने आपली संकल्पना उलगडून ठेवायची. एका वाक्यात अर्थ, मग कुठली घरं आत घेतली, कुठली बाहेर ठेवली, कुठे नक्की सांगता आलं नाही, आणि प्रत्येक घरासाठी वस्तीतला एक साक्षीदार. म्हणजे उद्या त्या माणसाशी भांडायचं असलं तर तो काय म्हणत होता ते तरी कळेल.

अर्बन यांचं वाक्य सरळ होतं. ज्या घराच्या लग्नात बाकीची घरं पाण्याला जातात, ते घर गावठाणात.

पाण्याला जाणं म्हणजे उंबराचं पाणी. लग्नाच्या आदल्या दिवशी सगळी पाखाडी, म्हणजे गल्लीतली सगळी घरं, बँड लावून विहिरीवर जाते, बायका लाल लुगडी नेसून पाणी भरून आणतात आणि त्या पाण्याने नवऱ्यामुलाला किंवा नवरीला न्हाऊ घालतात. विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे. जाळीची किल्ली असते, लग्न असलं की ती निघते.

"मुद्दा असा आहे," नितेश म्हणाला, "की सरांना एकच पाखाडी पुरी करता आली. आणि त्या पाखाडीत त्यांची हद्द आणि सर्वेक्षणाची रेघ घराला घर जुळते. फरक काय तो या भोकाचा. ते चूक म्हणून धरलं तर दोन्ही संकल्पना एकच ठरतात. शुक्रवारी बैठक आहे. एकसारख्या संकल्पना त्यात एकत्र करायच्यात."

"म्हणजे पपांचं काही उरणार नाही."

"टीप राहील ना. लग्नविधींविषयी सांस्कृतिक माहिती, म्हणून. सरांच्या नावाने."

"फोटोला हार घालतात तशी."

श्रुतिका आपल्या पडद्यावरून मान न वळवता म्हणाली, "पण घर तर तिथे आहे ना? माझ्या चित्रात स्वच्छ दिसतंय. कौलं आहेत, ओटा आहे."

"तुझ्या चित्रात छप्पर दिसतं," ॲश्ली म्हणाली. "ते आहेच. कोण नाही म्हणतंय?"

मुलुंडच्या एका कॉलेजात ती ग्रंथपाल होती. दोन पुस्तकं एकाच नावाची असली म्हणून त्यांची नोंद एक करू नये, हे ती दर वर्षी नव्या मदतनिसांना शिकवत असे. तिने नितेशचा माऊस स्वतःकडे ओढला आणि घरावर दाबलं. बाजूला चौकट उघडली. निर्णय, बाहेर. साक्षीदार, रिकामं.

"बघ," नितेश हळू आवाजात म्हणाला. "बाकी सगळ्या घरांना साक्षीदार आहे. इथे सरांनी कोणाला विचारलंच नाही. म्हणून तर सॉफ्टवेअरने ते चूक धरलं. आणि स्वतःच्या घराची साक्ष स्वतः देता येत नाही. हा नियमही त्यांचाच."

"मला माहीत आहे. मी देते म्हटलं होतं त्यांना. म्हणाले, तू चालणार नाहीस, तू जन्मली नव्हतीस."

नितेशला हसू आलं आणि त्याने ते आवरलं. "पाखाडीतलं दुसऱ्या घरचं, त्या वेळी असलेलं माणूस पाहिजे. मिळेल?"

"गुरुवारी संध्याकाळी टॅब घेऊन ये."

"तुला नक्की हे पाहिजे? तुमचं घर गावात नव्हतं, हे असं मांडायला?"

"तू ये," ॲश्ली म्हणाली.

*

शेवंती स्वयंपाकघरात कोळंबी सोलत होती. लेकीने सगळं सांगितलं तोवर तिचे हात थांबले नाहीत.

"कशाक उकरून काढतंस गो?" ती शेवटी म्हणाली. फार थकली किंवा फार चिडली की तिची मालवणी वर यायची. एरवी वाकोल्याच्या चाळीत वाढलेली, महापालिकेच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेली ही बाई चारचौघांसारखं बोलत असे.

"मी नाही काढलं. पपांनी काढलंय. मी फक्त बुजवू देत नाही."

"तो गेला तेव्हा अख्खी पाखाडी आली. खांदा कोणी द्यायचा म्हणून भांडणं झाली."

"मयताला आले. मयताला कोणीही येतं."

शेवंतीने एक कोळंबी उजेडाकडे धरली, तिच्या पाठीतला काळा दोरा ओढून काढला. "आम्ही कोर्टात लग्न केलं. त्याने मला धर्म सोड म्हटलं नाही, मी त्याला म्हटलं नाही. त्याची आई म्हणाली, मग पाणी कोणत्या देवाचं आणायचं? तिने सांगितलं आणि कोणी आलं नाही. एवढंच झालं. त्याच्यापुढे सगळं चांगलंच झालं की."

"पपा एकटे गेले होते ना?"

"दुपारी. घागर घेऊन. बँड नाही, काही नाही. अंगावर ऑफिसचा शर्ट." ती किंचित हसली. "विहिरीवर जाऊन आला आणि मला म्हणाला, पाणी गोड आहे, पिऊन बघ. मी म्हटलं, न्हायचं पाणी पितात का रे?"

ॲश्लीने सोललेली कोळंबी धुवायला घेतली. नळाखाली ती बराच वेळ धूत राहिली.

"मॉनिकाला विचारणार असशील," शेवंती म्हणाली.

"दुसरं कोण आहे?"

"तिला भरीस घालू नको. तू झालीस तेव्हा महिनाभर पेज तिने करून घातलीय मला. सासूच्या डोळ्यांदेखत."

"आई, ती वेगळी गोष्ट आहे आणि ही वेगळी."

"बापासारखी बोलतेस. त्याच्याही सगळ्या गोष्टी वेगवेगळ्या असायच्या." शेवंतीने सालं कागदात गुंडाळली. "जा. पण माझ्यासाठी म्हणून जाऊ नको. मी कोणाकडे काही मागितलं नाहीये."

*

मॉनिका आत्याचं घर आणि त्यांचं घर यांची भिंत एकच. ओटेही एकमेकांना लागून, मध्ये फक्त एक तुळस आणि एक छोटा क्रूस. तुळस शेवंतीची, क्रूस मॉनिकाचा, पाणी दोघींपैकी जिला आठवेल तिने घालायचं.

गुरुवारी नितेश आला तेव्हा ओट्यावर मॉनिकाबरोबर जेफ्रीही बसला होता. विमानतळाच्या मालगोदामातून निवृत्त झालेला जेफ्री आता गावठाण समितीचं काम बघायचा. पाखाडीला कोणी झोपडपट्टी म्हणू नये यासाठी तो गेली कित्येक वर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होता. ॲश्लीने त्याला बोलावलं नव्हतं. पण पाखाडीत अनोळखी माणूस टॅब घेऊन शिरला की जेफ्रीला बोलवावं लागत नसे.

त्याने नकाशा बघितला, चष्मा काढून पुन्हा बघितला.

"पोरी, बिल्डर काय शोधत फिरतो माहितीये तुला? भोक. गावठाणातून सुटलेला तुकडा. आणि तू त्याला आयतं काढून देतेस. तेही मधोमध."

"अंकल, हा सरकारी नकाशा नाही," नितेश म्हणाला. "सर्वेक्षणाची रेघ वेगळी ठेवलीय. तिला कोणी हात लावत नाही. ही फक्त सरांची गावठाणाची कल्पना."

"तुमचं वेगळं, आमचं वेगळं. कोर्टात गेलं की सगळं एकच होतं रे बाबा. वकील वाचणार आहे का खालची बारीक अक्षरं?"

तो म्हणत होता त्यात चुकीचं काही नव्हतं, हे ॲश्लीला कळत होतं. म्हणूनच तिचा आवाज अधिक कडक झाला.

"मग काय करायचं? खोटी साक्ष द्यायची?"

"खोटी कशाला? काहीच द्यायची नाही. गप्प बसायचं."

"तेव्हाही तेच केलंत तुम्ही."

जेफ्रीने गुडघ्यांवर हात टेकले आणि उठला. "अर्बन असता ना, तर त्याने हे कधी..."

"त्यांनीच काढलंय, अंकल. हे बघा, त्यांचं नाव आहे."

जेफ्रीने पाहिलं नाही. चपला घालून तो गल्लीत उतरला आणि वळणावर कोणाला तरी मोठ्याने गुड इव्हनिंग म्हणाला.

मॉनिका इतका वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. आता ती हसली, सगळं हसण्यावारी नेता येईल अशा बेताने.

"तू लग्न कर ना त्यापेक्षा. नुसती कॉलेजात पुस्तकं मोजत बसलीस. बँड मी सांगते, विहिरीची किल्ली माझ्याकडेच असते. सगळी पाखाडी नाचवत नेते पाण्याला. मग बुजेल की नाही तुझं भोक?"

"तेव्हा बुजेल. नितेश बुजवेल. तारीख घालून बुजवेल."

"हो," नितेश म्हणाला. "तशी सोय आहे."

"तुझ्या सोयी तुझ्याजवळ ठेव रे." मॉनिकाने मागच्या भिंतीवर तळहात आपटला. "ही भिंत एक आहे आमची. मी इकडून खिळा ठोकला की तिकडे अर्बनचं कॅलेंडर हलायचं. यायचा ओरडत. आणि तू म्हणतेस भिंतीच्या या बाजूला गाव आहे आणि त्या बाजूला नाही."

"मी म्हणत नाही. पपा म्हणतात."

"मला कधी म्हणाला नाही." मॉनिकाचा हात भिंतीवरच राहिला. "एवढी वर्षं शेजारी राहिला. दर नाताळाला इथे जेवला. भांडला, पत्ते खेळताना लबाडी केली. हे एकदा म्हणाला नाही."

"तुला नाही म्हणाले. इथे म्हणाले."

गल्लीतून एक स्कूटर गेली. नितेशने घसा खाकरला.

"एक करता येईल," तो म्हणाला. "तिसरा पर्याय आहे. 'नक्की सांगता येत नाही.' तो लावला तर भोक अगदी बाहेर म्हणून दिसणार नाही. फिकट रंगात येईल. आणि फरक राहिल्यामुळे सरांची संकल्पनाही वेगळी राहील. बैठकीत चालून जाईल ते."

"हां," मॉनिका लगेच म्हणाली. "ते लाव. फिकट लाव."

ॲश्लीने नितेशकडे पाहिलं. त्याने चांगल्या मनाने सुचवलं होतं. पपांचं नाव राहणार होतं, संकल्पना राहणार होती, आत्याला त्रास होणार नव्हता, आईला तर हेच हवं असतं. हो म्हटलं की आत जाऊन जेवता आलं असतं. तिने टॅब मांडीवर घेतला. पपांनी बाकीची घरं एकेक करून भरलेली होती, सगळीकडे 'आत', आणि फिकट रंग या पाखाडीत त्यांनी एकदाही वापरला नव्हता.

"कोणाला नक्की सांगता येत नाही?" तिने विचारलं. "आत्या, तुला?"

मॉनिकाने पदराचं टोक पुन्हा बोटाला गुंडाळलं.

"तुला सांगता येत नसेल तर लावू. खरंच लावू. मी तुला भरीस घालणार नाही, आईने बजावलंय. फक्त एकदा सांग, की मला नक्की सांगता येत नाही."

"केवढी ग निर्दय तू."

"असेन."

"तो असा नव्हता."

"ते होते आत्या. फक्त हसून बोलायचे, म्हणून कळायचं नाही."

मॉनिका उठली. ॲश्लीला वाटलं, ती आत जाईल आणि दार लावून घेईल, आणि मग उद्याची बैठक, टीप, नावासकट सांस्कृतिक माहिती. पण मॉनिका ओट्याच्या कडेपर्यंत गेली आणि उभी राहिली. तिथून गल्लीचा विहिरीकडे जाणारा तुकडा दिसत असे. आता मधे एका गाडीचं आच्छादन आलं होतं.

"आईने त्या दुपारी कडी नव्हती घातली," ती त्या गाडीकडे बघत म्हणाली. "लोक म्हणतात घातली होती. दार नुसतं लोटलेलं होतं."

नितेशने मान खाली घातली. काही बोलावं असं ॲश्लीला एकदा वाटलं, एखादा शब्द, ज्याने हे आत्यासाठी सोपं होईल. तो तिने बोलू दिला नाही स्वतःला. टॅब तिने पुढे केला, इतकंच.

मॉनिका परत येऊन बसली. चष्मा शोधला, तो गळ्यातच होता. "काय विचारलंय ते वाच रे. मला बारीक दिसत नाही."

नितेशने वाचलं. "या घराच्या लग्नात पाखाडी पाण्याला गेली होती का?"

"नाही."

"मग दाबायचं. 'आत', 'बाहेर' आणि..."

"कळतं मला." तिने बोट पदराला पुसलं आणि दाबलं. जोरात दाबलं, दारावरची घंटा दाबतात तसं. पडदा क्षणभर विचार करत राहिला आणि हिरव्यामध्ये एक चौकोन पांढरा झाला. त्याची एक बाजू सरळ मॉनिकाच्या भिंतीला लागून होती.

तिने तो टॅब स्वतःच्या हातातच ठेवला. खूप वेळ बघत होती. पलीकडच्या ओट्यावर शेवंती कधी येऊन उभी राहिली होती ते कोणालाच कळलं नव्हतं. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता, आणि ती तुळशीला पाणी न घालता तशीच उभी होती.

"आता साक्षीदाराचं नाव," नितेश म्हणाला. "मॉनिका, बरोबर? आणि घराशी नातं विचारलंय. शेजारी लिहू का? शेजारी चालतं."

"शेजारी नको," मॉनिका म्हणाली. "बहीण लिही."

नितेशने लिहायला सुरुवात केली.

"नुसती बहीण नको. चुलत-मावस वाटेल कोणाला तरी." तिने टॅब त्याच्याकडे सरकवला. "सख्खी लिही."